बॅटरी बसली, गाडी थांबली: गोंदिया ते नागपूर या अंतरात दडलेला विद्युत मोटारीच्या दुरुस्तीचा इतिहास

#धागा

१/
गोंदिया ते नागपूर हे अंतर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. २००१ साली बाजारात आलेली रेवा ही विद्युत मोटार एका चार्जिंगवर सुमारे ८० किलोमीटर धावत असे. म्हणजे त्या काळी गोंदियात कोणी रेवा बाळगली असती आणि तिची बॅटरी बिघडली असती, तर नागपूर गाठण्याआधीच ती वाटेत कुठेतरी थांबली असती. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. कागदावर तरी नागपूरला जाऊन परत येण्याइतका. गाडीने हे अंतर वीस वर्षांत ओलांडले. तिच्या दुरुस्तीच्या ज्ञानाने ते ओलांडले का, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

२/
हा प्रश्न गोंदियाला नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे नॅरोगेज मार्ग नेला आणि गोंदिया हे जंक्शन झाले. सातपुड्यातून धावणाऱ्या या छोट्या गाड्यांच्या मोठ्या दुरुस्तीचे ठिकाण मात्र नागपूरचा मोतीबाग कारखाना हे होते. किरकोळ काम जागेवर आणि मोठे काम नागपुरात, ही विभागणी तेव्हापासूनची. यंत्र गावात येते, परंतु त्याचे पोट उघडण्याचे कौशल्य व अधिकार मोठ्या शहरात राहतात. प्रत्येक नव्या यंत्राच्या बाबतीत हा अधिकार गावापर्यंत किती काळाने आणि कोणत्या कारणाने पोहोचला, हे पाहणे उद्बोधक ठरते.

३/
आता बॅटरीकडे वळू. १८५९ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने शिसे आणि गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी सिद्ध केली. १८८१ साली कामी फॉर याने शिशाच्या पट्ट्यांवर लेप देऊन तिची क्षमता वाढवली. त्याच वर्षी ग्युस्ताव त्रूवे याने पॅरिसमध्ये बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी रस्त्यावर आणली. कार्ल बेन्झची पेट्रोलवर चालणारी गाडी १८८६ सालची. म्हणजेच विद्युत गाडी ही पेट्रोल गाडीची धाकटी बहीण नसून थोरली आहे. तिच्या कहाणीत बॅटरीचा बिघाड पहिल्या प्रकरणापासून उपस्थित आहे.

४/
१८९७ साली न्यूयॉर्कमध्ये विद्युत टॅक्सींचा व्यवसाय सुरू झाला. त्या टॅक्सी विकल्या जात नसत, भाड्याने चालत. फेरी संपली की गाडी आगारात शिरे, जड बॅटरीची पेटी यंत्राच्या साहाय्याने बाहेर ओढली जाई आणि काही मिनिटांत भरलेली पेटी आत ढकलली जाई. चालकाला बॅटरीविषयी काहीही ठाऊक असण्याची गरज नव्हती, कारण जाणकार माणसे आगारात होती. पुढे हाच व्यवसाय इतर शहरांत पसरला, तेव्हा गाड्या तर पोहोचल्या, पण तितकी जाणकार माणसे पोहोचली नाहीत. खडबडीत रस्त्यांवरील हादरे आणि निगेचा अभाव यांनी शिशाच्या पट्ट्या लवकर झिजल्या. १९०७ पर्यंत मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली.

५/
याच सुमारास टॉमस एडिसन निकेल आणि लोखंड यांच्या बॅटरीमागे लागला होता. त्याची पहिली बॅटरी मोठ्या गाजावाजाने बाजारात आली आणि लवकरच गळू लागली. काही घटांची क्षमताही अकाली घसरू लागली. एडिसनने उत्पादन थांबवले, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि सुधारित बॅटरी १९०९ च्या सुमारास पुन्हा बाजारात आणली. आज ज्याला आपण ‘रिकॉल’ म्हणतो, त्याचे हे एक जुने उदाहरण. मात्र तोवर फोर्डची मॉडेल टी रस्त्यावर उतरली होती. दोष दुरुस्त झाला, पण गमावलेली वर्षे परत मिळाली नाहीत.

६/
तिसरी वाट हार्टफर्ड या अमेरिकी शहरातील वीज कंपनीने काढली. १९१२ च्या सुमारापासून १९२४ पर्यंत तिने एक योजना चालवली. ग्राहकाने ट्रक घ्यावा, पण बॅटरीविना. बॅटरी कंपनीची, तिची निगा कंपनीची, आणि ग्राहकाने जितके मैल गाडी चालवली तितक्याचे पैसे द्यावेत. बिघाडाची जोखीम ज्याला बॅटरी कळते त्याच्याच खांद्यावर ठेवण्याची ही रीत होती. २०२४ च्या सप्टेंबरात भारतात आलेल्या एमजी विंडसर या मोटारीसोबत दर किलोमीटरला ३.५ रुपये असे बॅटरीचे भाडे जाहीर झाले, तेव्हा अनेकांना ही अगदी नवी कल्पना वाटली. ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

७/
१९१२ सालीच एक विलक्षण घटना घडली. पेट्रोल गाडी सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून दांडा फिरवावा लागे, आणि दांडा उलटा फिरला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर त्या वर्षी कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. विद्युत गाडीचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे सुलभ आरंभ, तेच पेट्रोल गाडीने उचलले. त्यासोबत प्रत्येक पेट्रोल गाडीच्या पोटात एक बॅटरी आली. विद्युत गाडी हरली आणि बॅटरी जिंकली, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

८/
या विजयातून एक नवा व्यवसाय जन्मला. गाडी खेडोपाडी गेली, तेव्हा बॅटरीही गेली. आणि बॅटरी गेली, तेव्हा ती चार्ज करणारा, तपासणारा माणूसही तिथे लागला. अमेरिकेत विलर्ड, एक्साइड यांसारख्या कंपन्यांनी गावोगावी बॅटरी-केंद्रांचे जाळे विणले. भारतात क्लोराइड कंपनीने १९१६ पासून बॅटऱ्या आयात केल्या, १९४६ साली बंगालमधील श्यामनगर येथे कारखाना काढला आणि १९६९ साली पुण्याजवळ चिंचवड येथे दुसरा. मराठी मुलखात बॅटरी घरची झाली ती या काळात.

९/
गोंदिया जिल्ह्यात तिला गिऱ्हाईक भरपूर होते. भातगिरण्यांचा तांदूळ आणि तेंदूपत्ता वाहणारे ट्रक, शेतातील ट्रॅक्टर आणि देवरीवरून छत्तीसगडात जाणाऱ्या महामार्गावरची रात्रंदिवस वाहतूक. अशा रस्त्यांच्या कडेला बॅटरीवाल्याचे दुकान हे अगदी परिचित दृश्य. आम्लाने भोके पडलेले कपडे, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन, चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग. तो हायड्रोमीटरने एकेका घटातील आम्लाची घनता मोजतो. भरलेल्या घटात ती १.२८ च्या आसपास असते. पाच घट ठीक आणि सहावा घसरलेला दिसला, की तो म्हणतो, ‘एक सेल मेला.’ निदान झाले. हे निदान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होते.

१०/
हे ज्ञान गावापर्यंत पोहोचले, यामागे तीन कारणे होती. १२ व्होल्टच्या बॅटरीत विजेचा जीवघेणा धक्का बसत नाही. आम्ल भाजते, पण सावधगिरीने ते हाताळता येते. बुचे उघडून आत पाहता येते. आणि बॅटरी कोणत्याही कंपनीची असो, तिचे माप व जोडणी साधारण सारखीच. कमी धोका, उघडता येणारे अंग आणि समान मोजमाप. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे दुरुस्ती गावात उतरते. पुढील भागांत या तिन्ही गोष्टी एकेक करून कशा सुटत गेल्या, हे दिसेल.

११/
भारतात विद्युत मोटारीचा पुनर्जन्म १९९३ साली ‘लव्हबर्ड’ या दोन आसनी गाडीने झाला. दक्षिणेतील एडी करंट कंट्रोल्स या कंपनीने ती बनवली होती. तिची फार थोडी विक्री झाली. त्यानंतर बंगळूरच्या मैनी समूहाने अमेरिकी भागीदाराच्या साथीने रेवा घडवली आणि २००१ साली ती बाजारात आली. रेवाच्या आसनाखाली ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या, एकूण ४८ व्होल्ट. म्हणजे तिचे काळीज अजूनही जुन्याच ओळखीचे होते. या बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागत आणि तो खर्च मोठा असे. पण त्यांत काय बिघडले, हे साध्या बॅटरीवाल्याला कळू शकत होते.

१२/
तरीही रेवात एक नवी गोष्ट होती. बॅटऱ्यांवर लक्ष ठेवणारा संगणक. २००९ साली रेवाने लिथियम बॅटरीची आवृत्ती आणली. त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात कंपनीने एक सोय जाहीर केली. वाटेत बॅटरी संपली तर चालकाने फोन किंवा संदेश पाठवावा आणि कंपनीने दूरवरूनच गाडीतील राखीव वीज खुली करावी. सोय खरोखर उपयोगी होती. पण इतिहासाच्या दृष्टीने तिच्यात एक सूचना दडलेली आहे. गाडीच्या पोटातील विजेचे कुलूप आता मालकाच्या हाती नव्हते, ते शेकडो मैलांवरच्या खोलीत होते.

१३/
२०१० साली महिंद्र समूहाने रेवा कंपनीतील बहुसंख्य भाग घेतला आणि २०१३ च्या मार्चमध्ये ई२ओ ही लिथियम बॅटरीची मोटार आणली. २०२० च्या जानेवारीत टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही आली. ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी, आणि बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी. अशा बॅटरीचा दाब तीनशे व्होल्टच्या पुढे जातो. तिची पेटी पाणी व धूळ शिरू नये म्हणून पूर्ण बंद असते. आतील रचना कंपनीगणिक वेगळी असते. दहाव्या भागातील तिन्ही कारणे इथे एकाच वेळी संपली.

१४/
लिथियम बॅटरीचा बिघाड कसा असतो? पेटीत अनेक घट एकामागे एक जोडलेले असतात. साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकी, हा न्याय इथे अक्षरशः लागू पडतो. एक घट आधी रिकामा झाला की व्यवस्थापक संगणकाला सगळी गाडी थांबवावी लागते, मग बाकीच्या घटांत वीज शिल्लक का असेना. पडद्यावर ४० टक्के दिसत असताना आकडा एकाएकी कोसळतो किंवा गाडीची गती मर्यादित होते, त्यामागे बरेचदा असा असमतोल असतो. कधी दोष घटात नसतोच. संवेदकात, जोडणीत, शीतकरणात किंवा आज्ञावलीत असतो. काय ते कळायला दोषाचा संकेतांक वाचावा लागतो, आणि तो वाचणारे खास उपकरण सहसा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच असते.

१५/
या नव्या व्यवस्थेची विदर्भातील पहिली मोठी परीक्षा नागपुरात झाली. २६ मे २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या उपस्थितीत ओला कंपनीने २०० विद्युत वाहनांचा प्रकल्प सुरू केला. त्यांत महिंद्राच्या ई२ओ प्लस मोटारींची संख्या सर्वाधिक होती. वर्ष उलटण्याआधीच बातम्या येऊ लागल्या. चार्जिंगसाठी लांबच लांब रांगा, वाया जाणारे कामाचे तास, वाढलेला खर्च, आणि पुन्हा डिझेलकडे वळू पाहणारे चालक. रहदारीच्या तक्रारीमुळे एक चार्जिंग केंद्र बंदही करावे लागले. न्यूयॉर्कच्या टॅक्सींना लागलेली ठेच इथेही लागली. गाड्या आल्या, पण त्यांच्यामागची यंत्रणा तितक्या वेगाने आली नाही.

१६/
याच वर्षांत दुसरे एक विद्युत वाहन कोणत्याही सोहळ्याविना लहान शहरांत पसरत होते. ते म्हणजे ई-रिक्षा. २०१५ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने तिला कायद्यात स्थान मिळाले. तिच्यात बहुधा १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात, एकूण ४८ व्होल्ट. हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण रेवाचाही तोच होता. ई-रिक्षाची बॅटरी बसली, तर ती चौकातल्या दुकानात तपासली जाते आणि जुनी बॅटरी देऊन, वर पैसे मोजून, त्याच दिवशी नवी बसते. तंत्र जुने, पल्ला कमी, बॅटरीचे आयुष्यही कमी. पण दुरुस्ती जवळ आहे. रोजच्या कमाईवर पोट असणाऱ्याने या बाजूने निवड केली, यात नवल नाही.

१७/
विदर्भाच्या वाचकाने उन्हाचा विचार करणे अटळ आहे. लिथियम बॅटरी सतत उष्णतेत राहिली की तिची क्षमता लवकर उतरते. २०१२ साली अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहरात निसान लीफ गाड्यांचे मालक अस्वस्थ झाले. वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या पडद्यावरील क्षमतेच्या पट्ट्या गळू लागल्या होत्या. मालकांनी डझनभर गाड्या एकत्र आणल्या, ठरलेल्या रस्त्यावर चालवल्या आणि पल्ल्याची मोजणी करून ठेवली. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर निसानने हमीची व्याख्या बदलली. पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांच्या आत बाराऐवजी नऊपेक्षा कमी पट्ट्या उरल्या, तर बॅटरीची जबाबदारी कंपनीची. ‘बॅटरी बंद पडणे’ म्हणजे बिघाड, इतकीच समज तोवर होती. ‘बॅटरी अकाली थकणे’ हाही बिघाड मानला जावा, हे ग्राहकांनी मिळवलेले आहे.

१८/
आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने भारतात विकलेल्या ४५६ कोना इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीतील संभाव्य दोषाच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. मग २०२२ चा उन्हाळा आला. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओला कंपनीची विद्युत स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. एप्रिलमध्ये त्या कंपनीने १,४४१ स्कूटर परत बोलावल्या. जूनमध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही जळाली आणि केंद्र सरकारने तिच्या चौकशीचा आदेश दिला. या घटनांनंतर बॅटरीचे घट, व्यवस्थापक संगणक, चार्जर, पेटीची रचना आणि एका घटातील आग दुसऱ्याकडे पसरणे यांविषयीचे सुरक्षा नियम कडक झाले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

१९/
आता डीलरकडे येऊ. ग्राहकाच्या नजरेत डीलर म्हणजेच कंपनी, कारण पाटी कंपनीची असते. कायद्याच्या नजरेत मात्र बहुधा ते दोन स्वतंत्र व्यापारी असतात. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ चे मॉडेल म्हणून पैसे दिले आणि त्याच्या हाती ६२२ किलोमीटर चाललेली २००९ ची गाडी पडली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की डीलरच्या अशा कृत्याची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झाल्याविना कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. गाडी विद्युत नव्हती, पण धडा प्रत्येक गाडीला लागू आहे. बॅटरीची हमी कंपनी देते आणि ती वापरायला ग्राहक डीलरच्या दारात जातो. या दोन दारांमधील जागेत तक्रारी अडकतात. ‘वरून मंजुरी आली नाही’ हे वाक्य त्याच जागेतून ऐकू येते.

२०/
दुरुस्तीच्या मक्तेदारीवर भारतात याआधी एक मोठा निर्णय झाला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे आणि बाहेर दुरुस्ती केली तर हमी रद्द होण्याची भीती घालणे, हे आक्षेप होते. कंपन्यांचे म्हणणे असे, की बाहेरचे मेकॅनिक पुरेसे प्रशिक्षित नाहीत आणि त्यात धोका आहे. आयोगाला ते पटले नाही. दंडावर पुढे अपिले झाली, परंतु आयोगाने मांडलेला मूळ प्रश्न विद्युत मोटारीच्या काळात अधिक धारदार झाला आहे.

२१/
अर्थात कंपन्यांचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. तीनशे व्होल्टच्या पेटीत चुकीच्या जागी पाना पडला, तर जीव जाऊ शकतो. जुन्या बॅटरीवाल्याचे धाडस इथे उपयोगी नाही. त्याला रबरी हातमोजे, विलग अवजारे आणि शिस्तशीर शिक्षण हवे. पण १९१२ नंतर बॅटरीचे ज्ञान गावोगावी गेले, तेही आपोआप गेले नव्हते. कंपन्यांनी माणसे तयार केली म्हणून ते गेले. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा अभ्यासक्रम आला आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हाती दोष वाचणारे उपकरण आणि सुटा भाग देण्याची कंपनीची तयारी आहे का, यावर पुढचा इतिहास ठरेल. धोका हे शिकवण्याचे कारण आहे, कुलूप कायम ठेवण्याचे नव्हे.

२२/
या सगळ्यात एक गोष्ट मात्र गावाच्या दिशेने सरकली आहे, ती म्हणजे दाद मागण्याची जागा. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार साधारणतः तिथे करावी लागे, जिथे विक्रेत्याचा व्यवसाय किंवा शाखा आहे अथवा जिथे तक्रारीचे कारण घडले आहे. गाडी नागपुरात घेतली, तर खेटेही नागपूरला. जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगातच चालतात. म्हणजे सडक अर्जुनी किंवा सालेकसा तालुक्यातील माणूस गोंदियाच्या आयोगात दाद मागू शकतो. सदोष उत्पादनासाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणही या कायद्यात आहे. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश केला.

२३/
गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याला ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. विजेची निर्मिती दाराशी आणि विजेच्या गाडीची मोठी दुरुस्ती दूर, अशी ही स्थिती. मोतीबागच्या काळातील विभागणी अजून संपलेली नाही. फरक इतकाच, की नॅरोगेजचे इंजिन रेल्वेचे होते आणि त्याला दुरुस्तीला नेण्याचा खर्च रेल्वेचा होता. आज गाडी टोचन करून नेण्याचा त्रास, वाट पाहण्याचे आठवडे आणि बुडालेले दिवस ज्याने कर्ज काढून गाडी घेतली त्याच्या वाट्याला येतात.

२४/
शेवटी एक छोटी, पण महत्त्वाची गोष्ट. बहुतेक विद्युत मोटारींत मोठ्या लिथियम पेटीखेरीज एक साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. दिवे, कुलुपे, संगणक तिच्यावर चालतात. मोठ्या पेटीला गाडीशी जोडणारे स्विचही तिच्याच बळावर मिटतात. ती बसली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या, त्या या छोट्या बॅटरीचे चार्जिंग थांबवू शकणाऱ्या एका भागातील दोषामुळेच. केटरिंगच्या स्टार्टरसोबत गाडीत शिरलेली ही बॅटरी विद्युत मोटारीतही टिकून आहे. पडदा काळा पडला आणि दार उघडेना, तर नागपूरला फोन लावण्याआधी तिचा दाब मोजून घ्यावा. त्यासाठी चौकातला बॅटरीवाला आजही पुरेसा आहे.

२५/
आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण. फिनिक्सचे मालक जिंकले, ते त्यांच्याकडे मोजणी होती म्हणून. गोव्याच्या गाडीचा वाद अखेरच्या न्यायालयापर्यंत पोहोचला, तो कागद होते म्हणून. विद्युत मोटारीच्या पहिल्या पिढीचा विदर्भातील इतिहास उद्या लिहिला जाईल, तेव्हा त्याची साधने कंपनीच्या जाहिरातींत सापडणार नाहीत. ती सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डांत सापडतील. गाडी कोणत्या तारखेला आत गेली, पडद्यावर कोणता संकेतांक होता, किती टक्क्यांवर ती थांबली, कोणता भाग बदलला, कोणत्या दिवशी परत मिळाली. डीलरकडून प्रत्येक वेळी जॉब कार्डाची प्रत मागून घ्यावी, त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि ती जपून ठेवावी. आज ती आयोगापुढे पुरावा म्हणून कामी येईल. पन्नास वर्षांनी ती एखाद्या संशोधकाच्या हाती लागेल, आणि गोंदिया ते नागपूर हे अंतर तेव्हा किती लांब होते, हे तिच्यावरून त्याला कळेल.

#इतिहास #विदर्भ #गोंदिया
(धागा समाप्त)